पोर्ट्रेटसाठी पहिली प्राइम लेन्स : कमी पैशात कोणती घ्यावी, कशी निवडावी?

लग्नसराई असो की ईद, घरात कुणाकडे तरी कॅमेरा असतोच. कुणी भावाने गल्फमधून आणलेला असतो, कुणी कॉलेजच्या मुलाने साठवलेल्या पैशातून घेतलेला असतो. सोबत आलेली १८-५५ची लेन्स लावून सुरुवातीला फोटो काढले जातात. मग संध्याकाळच्या मेहंदीत, हॉलच्या मंद उजेडात किंवा घरातल्या ट्यूबलाइटखाली फोटो काळपट, दाणेदार आणि हललेले येऊ लागतात. तेव्हा घरात एकच वाक्य ऐकू येतं : "कॅमेरा जुना झाला, नवीन घ्यायला हवा."

आमचं म्हणणं असं आहे की शंभरातल्या बहुतेक घरांत अडचण कॅमेऱ्याची नसते, लेन्सची असते. चाळीस-पन्नास हजार घालून नवी बॉडी घेण्याआधी त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात येणारी एक साधी प्राइम लेन्स घेतली, तर चेहऱ्यांच्या फोटोंत मोठा फरक दिसतो. मात्र ती कोणती, हे दुकानदाराच्या सांगण्यावरून ठरवायचं नसतं. ते दोन गोष्टींवरून ठरतं : तुमचा कॅमेरा कोणता आणि तुम्ही फोटो काढता ती जागा किती मोठी.

प्राइम म्हणजे काय?

ज्या लेन्सला झूम नसतो, ती प्राइम. ५० मिमीची प्राइम कायम ५० मिमीच राहते. माणूस जवळ हवा असेल तर आपण दोन पावलं पुढे जायचं, लांब हवा असेल तर मागे सरकायचं. झूम सोडल्याच्या बदल्यात मिळतो उजेड. लेन्सवर १:१.८ किंवा एफ/१.८ असं लिहिलेलं असतं. हा आकडा जितका लहान, तितकी लेन्सची आतली खिडकी मोठी उघडते.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ची लेन्स ५५ वर नेली की तिची खिडकी जास्तीत जास्त एफ/५.६ इतकीच उघडते. ५० मिमी एफ/१.८ लेन्स त्याच ठिकाणी नऊ ते दहा पट जास्त उजेड आत घेते. हिशोब सोपा आहे : किट लेन्सने ज्या फोटोसाठी आयएसओ ६४०० करावा लागत होता, तोच फोटो या लेन्सने ६४० च्या आसपास निघतो. दाणे कमी, रंग स्वच्छ, चेहऱ्यावरची त्वचा त्वचेसारखी दिसते. किंवा आयएसओ तेवढाच ठेवून शटरचा वेग वाढवता येतो, म्हणजे खिदळणारी लहान मुलं फोटोत हलत नाहीत.

दुसरा फायदा मागच्या धूसरपणाचा. मागचं कपाट, वायरी, प्लास्टिकच्या खुर्च्या विरघळून जातात आणि नजर चेहऱ्यावर थांबते. मोबाइलचा पोर्ट्रेट मोडही हेच करतो, पण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या अंदाजाने. जाळीदार ओढणी, सुटे केस, चेहऱ्यावर आलेला सेहरा अशा ठिकाणी तो अंदाज चुकतो आणि कडा कापल्यासारख्या दिसतात. लेन्सचा धूसरपणा खराखुरा असल्याने तिथे कडा कापली जात नाही.

नाक मोठं का दिसतं?

मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगलेलं आणि कान मागे गेलेले दिसतात, हा सगळ्यांचा अनुभव. दोष लेन्सला दिला जातो, पण खरं कारण अंतर आहे. दीड-दोन फुटांवरून फोटो काढला तर नाक कॅमेऱ्याला कानांच्या मानाने बरंच जवळ असतं, म्हणून मोठं दिसतं. पाच ते सात फुटांवरून हा फरक नगण्य होतो आणि माणूस समोर बसून दिसतो तसा दिसतो.

म्हणून पोर्ट्रेटसाठी थोडी लांबची लेन्स लागते. पाच-सात फुटांवर उभं राहूनही चेहरा आणि खांदे फ्रेममध्ये भरले पाहिजेत. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर यासाठी ८५ मिमीची लेन्स वापरण्याची जुनी पद्धत आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असतो. त्याला एपीएस-सी म्हणतात. कॅनन १५००डी, २००डी, निकॉन डी३५००, डी५६००, सोनी ए६४०० हे सगळे याच गटातले.

लहान सेन्सर चित्राचा मधला भागच उचलतो, त्यामुळे लेन्स आहे त्यापेक्षा लांबची वाटते. निकॉन आणि सोनीवर दीड पट, कॅननवर १.६ पट. म्हणजे ५० मिमीची स्वस्त लेन्स निकॉनवर ७५ आणि कॅननवर ८० मिमीसारखी वागते. पोर्ट्रेटला हवी तेवढीच. एपीएस-सी वापरणाऱ्यांना महागड्या ८५च्या मागे लागण्याची गरज नाही, ती याचमुळे.

आधी खोली मोजा

इथे लोक फसतात. लेन्स चांगली असते, पण घरात मागे सरकायला जागाच नसते. म्हणून खरेदीआधी मोजपट्टी काढा. एपीएस-सी कॅमेरा उभा धरून लागणारं अंतर साधारण असं असतं :

- ५० मिमी : चेहरा आणि खांदे ५ फुटांवरून, कमरेपर्यंतचा फोटो ७ फुटांवरून, डोक्यापासून पायापर्यंत १३ ते १४ फुटांवरून.
- ३५ मिमी : कमरेपर्यंतचा फोटो ५ फुटांवरून, पूर्ण उभा माणूस ९ ते १० फुटांवरून.
- ८५ मिमी : कमरेपर्यंतच्या फोटोलाच १२ फूट लागतात, पूर्ण उभ्या माणसाला २३ फुटांच्या आसपास.

हे अंतर कॅमेरा आणि माणूस यांच्यामधलं. फोटो काढणाऱ्याला उभं राहायला दीड-दोन फूट वेगळे, आणि माणूस भिंतीला चिकटून नको म्हणून त्याच्या मागे दोन-तीन फूट वेगळे धरा. आता मुंब्रा, भिवंडी किंवा मालेगावातली दहा बाय दहाची खोली डोळ्यासमोर आणा. तिथे ५० मिमीने कमरेपर्यंतचा फोटो जेमतेम बसतो. नवऱ्या मुलीचा पूर्ण पोशाख दिसेल असा फोटो बसतच नाही. अशा घरातच जास्त फोटो काढायचे असतील तर ३५ मिमी जास्त कामाची. उलट कोकणातल्या घराचं अंगण, गच्ची किंवा लग्नाचा हॉल ही तुमची नेहमीची जागा असेल, तर डोळे झाकून ५० घ्या.

आणि एक गोष्ट. सहा माणसं ओळीने उभी केली तर रुंदी दहा फुटांच्या आसपास होते. त्यासाठी ५० मिमीने एकवीस फूट मागे जावं लागेल. म्हणून किट लेन्स विकून टाकू नका. घरच्या ग्रुप फोटोला तीच लागणार आहे.

कोणत्या कॅमेऱ्याला कोणती?

*कॅननचा डीएसएलआर :* ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम. ही २०१५ साली आली. वजन फक्त १६० ग्रॅम, मागचं माउंट धातूचं, आणि सव्वा फुटापासून पुढे फोकस होतो. बाजारात हिच्याआधीची १९९० सालची आवृत्तीही सेकंडहँड मिळते. तिचं माउंट प्लास्टिकचं, मोटर आवाज करणारी, आणि आतली पाती पाच असल्याने मागच्या दिव्यांचे ठिपके पंचकोनी दिसतात. नव्या लेन्समध्ये सात पाती आहेत. दोन्हींना दुकानात "पन्नास एक-पॉइंट-आठ"च म्हणतात, म्हणून लेन्सवर एसटीएम ही अक्षरं आहेत का ते बघून घ्या.

*कॅननचा मिररलेस (आर५०, आर१० वगैरे) :* आरएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम, २०२० ची. घरात जुनी ईएफ लेन्स असेल तर कॅननचा अडॅप्टर लावून तीही ऑटोफोकससह चालते. उलटं मात्र होत नाही. आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाही.

*निकॉनचा डीएसएलआर :* इथे सर्वात जास्त सावध राहायला हवं. डी३३००, डी३४००, डी३५००, डी५३००, डी५६०० या कॅमेऱ्यांच्या आत फोकसची मोटर नसते. ५० मिमी एफ/१.८डी ही जुनी, स्वस्त लेन्स यांच्यावर बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस होत नाही. दर वेळी हाताने रिंग फिरवावी लागते. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि कपाटात पडून राहिली, असं हिच्या बाबतीत सहज होतं. लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं हवं आणि शेवटी जी हे अक्षर. मोकळ्या जागेसाठी एएफ-एस ५० मिमी एफ/१.८जी, लहान खोल्यांसाठी एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी. डी९० किंवा डी७००० मालिकेतला कॅमेरा असेल तर त्यात मोटर आहे, तिथे जुनी डी लेन्सही मजेत चालते.

*निकॉनचा मिररलेस (झेड३०, झेड५०) :* झेड ४० मिमी एफ/२ ही हलकी आणि परवडणारी. ती ६० मिमीसारखी वागते, त्यामुळे घरातही अडचण होत नाही. एफ/१.८ आणि एफ/२ यांत उजेडाचा फरक फार थोडा आहे.

*सोनी (ए६४००, झेडव्ही-ई१०) :* यांच्यासाठी ५० मिमी एफ/१.८च्या दोन लेन्स आहेत. एकीवर एफई लिहिलेलं असतं, ती फुल फ्रेमची. दुसरीवर ई आणि ओएसएस. या कॅमेऱ्यांच्या बॉडीत स्थिरीकरण नाही, ओएसएसच्या लेन्समध्ये ते आहे. हात थोडा थरथरला तरी फोटो वाचतो. म्हणून एपीएस-सीवाल्यांनी ओएसएस बघावी.

*फुल फ्रेम (कॅनन ६डी, निकॉन डी७५० वगैरे) :* इथे ५० मिमी ५०सारखीच दिसते. चेहऱ्याच्या फोटोसाठी ८५ मिमी एफ/१.८ हीच खरी निवड, आणि ती सेकंडहँडमध्ये शोधली तर खिसा वाचतो.

योंगनुओसारख्या चिनी कंपनीची ५० मिमी एफ/१.८ आणखी स्वस्त पडते. दिवसा, सावकाश काढायच्या फोटोंना ती पुरते. पण लोकांच्या लग्नाची जबाबदारी घेणार असाल, तर फोकसच्या भरवशासाठी थोडे पैसे जास्त टाकलेले बरे.

एफ/१.४ हवी का?

दुकानात हमखास विचारलं जातं, "एक-पॉइंट-चार घ्या ना, प्रोफेशनल वापरतात." एफ/१.८ पेक्षा एफ/१.४ मध्ये उजेड दीड पटीपेक्षा थोडा जास्त मिळतो. किंमत मात्र पुष्कळदा दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. आणि गंमत अशी की एपीएस-सीवर ५० मिमी लेन्स एफ/१.८ ला उघडून पाच फुटांवरून फोटो काढला, तर फोकसमध्ये येणारी जाडी फक्त अडीच इंचांच्या आसपास असते. डोळा स्पष्ट आणि कान धूसर. नवशिक्याला एवढंच सांभाळणं कठीण जातं, त्याहून पातळ फोकस घेऊन काय करणार?

सेकंडहँड घेताना

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, नवी-जुनी दोन्ही माल मिळतो. ऑनलाइनही मिळतो, पण लेन्स हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वतःचा कॅमेरा सोबत न्या आणि या गोष्टी तपासा :

1. मोबाइलची टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे. घेऊ नका. धुळीचे दोन-चार कण असतील तर काही बिघडत नाही.
2. काचेवर दुधी पडदा दिसतो का ते बघा. असेल तर फोटो फिके येतात.
3. ऑटोफोकस जवळून लांब आणि लांबून जवळ दहा वेळा चालवा. अडखळली किंवा कुरकुरली तर सोडा.
4. एफ/१.८ आणि एफ/८ दोन्हीवर फोटो काढा. एफ/८ ला एरर आला किंवा फोटो जास्तच उजळ आला, तर आतली पाती चिकटली आहेत.
5. कुणाच्या तरी डोळ्यावर फोकस करून एफ/१.८ ला फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून पापण्या बघा.

नवी घेत असाल तर पक्कं बिल आणि कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड मागा. ते नसेल तर दीड-दोन हजारांची सूट ही सूट नसते. बिघाड झाला तर दुरुस्तीचा खर्च तुमच्याच माथी येतो.

बुरशीचं भय रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या वाचकांना जास्त. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. एवढी काळजी घेतली तर लेन्स वर्षानुवर्षं टिकते.

पैशांचा हिशोब

कॅननची ईएफ ५० ही दहा हजारांच्या आगेमागे मिळते. मिररलेसच्या लेन्स त्याहून महाग पडतात. ही रक्कम अशी आहे की तीन-चार महिने साठवली तर रोखीने जमते. व्याजाचा हप्ता नको असं ज्या घरांत ठरलेलं असतं, तिथे ही बाब महत्त्वाची. बॉडीसाठी मोठं कर्ज काढून वर्षभर हप्ते फेडण्यापेक्षा लहान खरेदी रोखीने करून तिच्यावर हात बसवावा, आणि काम मिळू लागलं की कमाईतून पुढचं सामान घ्यावं.

हे विशेषतः मुलींच्या बाबतीत सांगावंसं वाटतं. आपल्या अनेक घरांत मेहंदीचे आणि महिलांच्या बाजूचे फोटो महिलेनेच काढावेत अशी अट असते. असं काम करणाऱ्या मुली कमी पडतात. घरात पडून असलेला डीएसएलआर, एक ५० किंवा ३५ मिमीची लेन्स आणि सहा महिन्यांचा सराव एवढ्या भांडवलावर ही सुरुवात होऊ शकते. मात्र ज्यांचे फोटो काढले त्यांना विचारल्याशिवाय एकही फोटो स्टेटसला किंवा इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही. या कामात पुढचं काम मिळतं ते विश्वासावर.

लेन्स आल्यावर

मोड ए किंवा एव्ही वर ठेवा. एकट्या माणसाला एफ/२.२ ते एफ/२.८, दोघांना एफ/४, चार-पाच जणांना एफ/५.६. सतत एफ/१.८ वर राहू नका. फोकसचा एकच ठिपका निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. शटर १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नका, मुलं असतील तर १/२५०. हॉलच्या दिव्यांमुळे फोटोत पट्टे येत असतील तर शटर १/१०० करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्याच्याशी हा वेग जुळतो.

पांढरा कुर्ता किंवा काळा बुरखा फ्रेमभर असेल तर कॅमेरा फसतो. पांढऱ्यासमोर तो फोटो काळपट करतो, तिथे एक्स्पोजर +०.७ करा. काळ्यासमोर तो चेहरा नको इतका उजळवतो, तिथे -०.७. माणसाला भिंतीपासून चार फूट पुढे आणा, खिडकीच्या बाजूला बसवा, छताचा दिवा बंद करा.

घेण्याआधी फुकटचा प्रयोग

अजूनही ३५ की ५० ठरत नसेल, तर एक रुपयाही खर्च न करता ठरवता येतं. किट लेन्सची रिंग ३५ वर ठेवा, वरून टेप चिकटवा आणि दिवसभर घरात तसेच फोटो काढा. दुसऱ्या दिवशी ५० च्या जवळ ठेवून तेच करा. फोटो धूसर किंवा काळपट आले तरी चालेल, बघायचं एवढंच की माणसं फ्रेममध्ये बसतात का आणि पाठ भिंतीला लागते का. ज्या दिवशी कमी अडलात, ती तुमची लेन्स. मग कॅमेऱ्याचं मॉडेल कागदावर लिहा, वरच्या यादीतलं लेन्सचं पूर्ण नाव अक्षरांसकट त्याखाली लिहा, आणि दुकानात तोच कागद पुढे करा.